खेळायचे पैसे कशाला?



आपल्याकडची कितीतरी पोरे नोकरीसाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटला गेली आणि तिकडचीच झाली. औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची, आणि त्याची पहिली वसाहत ती हीच. तेव्हापासूनची ही वाट आहे.

हल्ली तिकडून येणाऱ्या फोनवर एक नवा शब्द ऐकू येतो, 'ओटी'. नातू तीन वर्षांचा झाला, पण हाक मारली तर बघत नाही, मिक्सर लावला की कान झाकतो, हाताने घास घेत नाही. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी सांगितली. मुलगा उसाच्या बिलातून थोडे पैसे मागतो. आजी फोनवर बघते, तर नातू झोपाळ्यावर! "अगं सूनबाई, झोपाळा आपल्या चिंचेलाही बांधता येतो की. खेळायचे पैसे कशाला?"

आजीचा प्रश्न रास्त आहे. पण पाणी तेच असले तरी पाळी कधी आणि किती द्यायची, यावर पीक ठरते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. थेरपिस्ट झोपाळा किती हलवायचा, कोणत्या दिशेने आणि किती वेळ, हे मुलाकडे बघून ठरवतात. हलत्या झोपाळ्यावर मान-पाठ सावरत मूल खुंटीत रिंगा घालते, तेव्हा डोळा आणि हात एकत्र चालायला शिकतात. तोच हात पुढे बटण लावतो, पेन्सिल धरतो.

मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. शब्द जरा फसवा आहे, कारण तीन वर्षांच्या पोराचा कसला व्यवसाय? तर खेळणे, जेवणे, कपडे घालणे, शाळेत बसणे, हाच त्याचा व्यवसाय. ही विद्या आपल्याकडे आणली कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकेच्या एलिझाबेथ लंडी, लग्नाने निंबकर झाल्या. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. फलटणला शेती संशोधन संस्था उभारणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचेच चिरंजीव. म्हणजे हे काही परवाचे शहरी फॅड नव्हे.

आता खाजगी केंद्रात गेल्यावर काय अपेक्षा धरावी? पहिल्या भेटीत बहुधा उपचार होतच नाहीत. जन्मल्यावर मूल लगेच रडले का, मान कधी धरली, झोप कशी, काय खाते, हे सारे विचारतात आणि मुलाला खेळताना बघतात. मूल हाकेला ओ देत नसेल तर कानाची तपासणीही झालेली असावी. मग उद्दिष्ट ठरते, आणि इथे पालकांनी पक्के राहावे. 'मेंदूचा विकास करू' हे उद्दिष्ट नव्हे. 'तीन महिन्यांत स्वतःच्या हाताने चार घास वरणभात' हे उद्दिष्ट. ते कागदावर लिहून मागा, आणि तीन महिन्यांनी त्याच कागदावर हिशेब बघा. काटा झाल्याशिवाय आपण उसाची गाडी सोडतो का?

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र केंद्राच्या बाहेर घडते. आठवड्यात पाऊण पाऊण तासाची दोन सत्रे धरली तर दीड तास होतो. आठवड्याचे तास १६८. उरलेले तास आईबापाचे, आजी-आजोबांचे. म्हणून घरी काय करायचे हे शिकवणारा थेरपिस्ट चांगला. दार लावून घेतले, आई बाहेर बाकावर, आणि शेवटी नुसते 'आज छान केलं' एवढेच कानावर येत असेल, तर तोंड उघडून विचारावे. त्यात संकोच कसला? आमच्या मते बिल आले की दोन महिने रोज आणि मग बंद, यापेक्षा आठवड्याला एकच सत्र, पण वर्षभर आणि घरच्या सरावासकट, हे बरे.

'पूर्ण बरा करून देतो' म्हणणाऱ्याच्या दारातून मात्र परत फिरा. स्वमग्नता हा औषधाने जाणारा ताप नव्हे. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजाही भरून येत नाही. तरी मूल जेवायला, चालायला, स्वतःचे आवरायला शिकू शकते, आणि लवकर सुरुवात केली तर जास्त शिकते. "आपल्याकडे पोरं उशिराच बोलतात" म्हणत वर्ष घालवू नये. थेरपिस्टची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

पैशाचे म्हणाल, तर अपंगत्वाचा दाखला निघत असेल तो काढून घ्यावा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. थेरपीचा खर्च त्यात ठराविक मर्यादेपर्यंत बसतो. पगारातून कामगार विमा कापला जात असेल, तर आधी त्या दवाखान्यात चौकशी करावी.

आणि जी पोरे गावातच आहेत, त्यांच्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देते. तिथे पैसे पडत नाहीत. पथक कोणत्या दिवशी येणार ते अंगणवाडीच्या ताईंना आजच विचारून ठेवा, आणि त्या दिवशी नातवाला शेतावर नेऊ नका.