चॉकलेटच्या पोटात शेंगदाणा!

शनिवारची दुपार. आठवडाभर डेडलाईन, ट्रॅफिक आणि बॉसचे मेल्स... आज काहीतरी मस्त, स्वतःच्या हातचं करायचं म्हणून तुम्ही हौसेने नवाकोरा ओटीजी ऑन करता. डोळ्यांसमोर असते फोटोतली चकाचक ब्राऊनी. तासाभराने टिन बाहेर येतो, तेव्हा कडेला कोळसा आणि मधे चिखल!

माझ्या पहिल्यावहिल्या ब्राऊनीचं अगदी हेच झालं होतं. आम्ही तिघी रूममेट्सनी तो टिन मधोमध ठेवला आणि चमच्यांनी 'चिखल' संपवला. चव झक्कास होती, पण कुणाला द्यायची सोय नव्हती. मग बेकिंग करणाऱ्या एका मैत्रिणीने एका वाक्यात इलाज सांगितला, ''अगं, लहान कर ना!''

लहान म्हणजे एका घासाएवढं. आणि त्या घासाच्या पोटात पीनट बटर. तेव्हापासून आमच्या किचनमध्ये दुसरं काही फारसं बेक होतच नाही!

छोट्याचा फंडा

घरचा ओटीजी म्हणजे एक छोटा डबाच. वर-खाली तापलेल्या कॉइल्स, मधे जेमतेम जागा. जाड थराचा केक ठेवला की बाहेरची बाजू आधी भाजून निघते आणि उष्णता मध्यापर्यंत पोचेस्तोवर कडा करपतात. मिनी मफिनच्या साच्यात जेमतेम चमचा-दीड चमचा मिश्रण असतं. ते आतून बाहेरून जवळपास एकदमच शिजतं, तेही 11-12 मिनिटांत.

दुसरा फायदा मनाचा. एक ट्रे बिघडला तर बारा घास गेले, अख्खा केक नाही. पुढच्या ट्रेला मिनिटभर कमी-जास्त करून बघायचं. दोन-तीन ट्रेमध्ये तुमचा ओव्हन तुम्हाला कळायला लागतो. आणि कापाकापी नाही, प्लेट नाही, काटा नाही. डबा उघडला, उचलला, तोंडात!

तळघरातला स्टार्टअप

चॉकलेट आणि पीनट बटर ही जोडी जगात फेमस झाली ती अमेरिकेतून. पण दोघांचंही मूळ गाव दक्षिण अमेरिका. कोकोचं झाड तिथलं, भुईमूगही तिथलाच. आपल्याकडे भुईमूग बाहेरून आला आणि इतका रुळला, की आज शेंगदाण्याशिवाय मराठी स्वयंपाकघराची कल्पनाच करता येत नाही.

शेंगदाण्याच्या पेस्टचं अमेरिकन पेटंट 1884 मध्ये मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिलमोर एडसन यांना मिळालं. पण तिला चॉकलेटच्या वाटीत बसवून घराघरांत पोचवलं ते हॅरी बर्नेट रीस यांनी. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात ते हर्शी कंपनीच्या डेअरी फार्मवर कामाला होते. घरात खाणारी तोंडं भरपूर, कारण मुलं सोळा! हातभार म्हणून त्यांनी घराच्या तळघरात चॉकलेट-गोळ्या बनवायला सुरुवात केली आणि 1923 मध्ये स्वतःची कंपनी काढली. 1928 मध्ये आले त्यांचे पीनट बटर कप्स. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली, तेव्हा रीस यांनी बाकीचे प्रकार बंद केले आणि सगळा भर या कपवर दिला, कारण त्याला साखर कमी लागायची. 1963 मध्ये ही कंपनी हर्शीमध्येच विलीन झाली. म्हणजे ज्या घासासाठी आज सुपरमार्केटच्या इम्पोर्टेड शेल्फपाशी आपले पाय रेंगाळतात, तो मुळात घरगुतीच!

ही जोडी इतकी का जमते? एक तर गोड आणि खारट एकत्र आलं की दोन्ही खुलतात. दुसरं म्हणजे कोकोच्या बिया असोत की शेंगदाणे, दोन्ही भाजले जातात. भाजताना दोन्हीत पायराझिन नावाची सुगंधी द्रव्यं तयार होतात. म्हणून चव वेगळी असली तरी वासाचं घराणं एकच.

कुटाच्या पुढची पायरी

पीनट बटर म्हटलं की आपल्याला जिमवाल्यांची बरणी आठवते. खरं तर आपल्या आयांना हे प्रकरण केव्हाचं माहीत आहे, फक्त नाव वेगळं. मी पहिल्यांदा घरी पीनट बटर केलं आणि कौतुकाने आईला फोन लावला. ती म्हणाली, ''अगं, कूट जास्त फिरवला की तेल सुटतंच. त्यात काय एवढं?''

शंभर टक्के बरोबर! शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं. मिक्सर फिरत राहिला की आधी कूट होतो, मग तो भांड्याच्या कडेला चिकटतो, मग त्याचा गोळा होतो. आपण इथेच घाबरून पाणी घालतो. ते अजिबात करायचं नाही! थांबायचं, कडा खरवडायच्या, मिक्सरला श्वास घेऊ द्यायचा आणि पुन्हा फिरवायचं. मग अचानक तेल सुटतं आणि गोळ्याची चमकदार, ओघळणारी पेस्ट होते.

पाव किलो दाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं काढा आणि कोमट असतानाच मिक्सरला लावा. दोन चिमटी मीठ. बास! काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे मात्र निवडून फेका. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजूनही पूर्ण जात नाही.

घरच्या पीनट बटरवर दोन दिवसांनी तेल तरंगतं. घाबरू नका, ढवळा. विकतच्या बऱ्याच बरण्यांमध्ये तेल वर येऊ नये म्हणून घट्ट होणारं वनस्पती तेल घातलेलं असतं. घेताना लेबल वाचा. अमेरिकेत तर नियमच आहे, किमान 90 टक्के शेंगदाणे असतील तरच 'पीनट बटर' हे नाव लावता येतं.

चॉकलेट घेताना...

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. बेकिंगच्या दुकानात गेलात की दोन स्लॅब समोर येतील. एक स्वस्त, त्यावर 'कंपाऊंड' लिहिलेलं. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असतं. ते वितळवायला सोपं, पण जिभेवर मेणासारखं लागतं. दुसऱ्यात खरं कोको बटर. घासच एवढासा आहे, तर तो खऱ्या चॉकलेटचा असू द्या की!

आणखी एक धोक्याची सूचना. चॉकलेट वितळवताना त्यात पाण्याचा थेंब पडला, की मऊसूत चॉकलेटचा रवाळ, घट्ट गोळा होतो. साखर आणि कोकोचे कण त्या थेंबाला धरून एकमेकांना चिकटतात. म्हणून भांडं, चमचा सगळं कोरडं ठक्क. डबल बॉयलर करत असाल तर वाफेवरही लक्ष ठेवा.

आता तुम्ही विचाराल, रीससारखे चॉकलेटचे कपच का नाही करायचे? बेकिंगचा खटाटोप कशाला? कारण आपला मे महिना! कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं. नागपूर सोडाच, पुण्यातल्या दुपारीही तो कप डब्यात बसकण मारेल. बेक केलेला घास मात्र लोकलच्या गर्दीतूनही शाबूत पोचतो.

करून बघाच : पीनट बटर ब्राऊनी बाईट्स (24 नग)

साहित्य : डार्क चॉकलेट 100 ग्रॅम, लोणी (बटर) 100 ग्रॅम, साखर 120 ग्रॅम, अंडी 2, मैदा 60 ग्रॅम, कोको पावडर 20 ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला इसेन्स अर्धा चमचा.

सारणासाठी : पीनट बटर 120 ग्रॅम, पिठीसाखर 50 ग्रॅम, दोन चिमटी मीठ (बटर किंवा पीनट बटर खारट असेल तर वगळा).

सजावटीसाठी : भाजून सोललेल्या शेंगदाण्याच्या 24 पाकळ्या.

कृती : सारण कालवून बटर पेपरवर त्याचे छोटे छोटे 24 ठिपके घाला आणि अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. ओटीजी 180 अंशांवर दहा मिनिटं तापवा. चॉकलेट आणि लोणी एकत्र वितळवून कोमट होऊ द्या. त्यात साखर, मग एकेक करून अंडी, मग इसेन्स घालून फेटा. मैदा, कोको आणि मीठ चाळून हलक्या हाताने मिसळा. मैदा दिसेनासा झाला की थांबा, जास्त घोटलं तर ब्राऊनी चिवट होते. तूप लावलेल्या मिनी मफिन ट्रेमध्ये साचा अर्धा भरा, सारणाचा ठिपका ठेवा, वरून मिश्रणाने झाका. त्यावर दाण्याची एक पाकळी. 11-12 मिनिटं बेक करा. टूथपिक कडेला टोचून बघा, मधे नाही, कारण तिथे सारण आहे! दहा मिनिटं थंड होऊ द्या, मगच साच्यातून काढा.

अंडं नको? दोन अंड्यांऐवजी अर्धी वाटी घट्ट दही आणि पाव चमचा खायचा सोडा. ब्राऊनी जरा केकसारखी होईल, पण छान लागेल.

ओव्हनच नाही? नो टेन्शन! आप्पेपात्र काढा. तूप लावा, खळगे पाऊण भरा, मधे सारण दाबा, झाकण ठेवून अगदी मंद गॅसवर सात-आठ मिनिटं. उलटायचं नाही. गोलमटोल ब्राऊनी तयार!

हवाबंद डब्यात दोन दिवस बाहेर, आठवडाभर फ्रीजमध्ये. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

ती पाकळी कशासाठी?

आता खरी गोष्ट. पहिल्यांदा हे बाईट्स जमले, तेव्हा मी डबा भरून एका ऑफिसात नेला. तिथे माझी कामानिमित्त ये-जा असते. डबा फिरला, 'यम्मी', 'सही' झालं. एका मुलीने घास उचलला, तोंडापाशी नेला आणि थांबली.

''यात दाणे नाहीत ना?''

मी हसत म्हटलं, ''आहेत की! आत सरप्राईज आहे.''

तिने घास खाली ठेवला आणि सरळ उठून हात धुवायला गेली. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. लहानपणी एकदा चिक्कीच्या तुकड्याने तिचा घसा सुजला होता, श्वास अडकला होता, रात्र हॉस्पिटलमध्ये गेली होती. बाजूच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालंच, ''दाण्याची कसली ॲलर्जी? उपासाला चालतात की!''

मला मात्र घाम फुटला. कारण चूक माझी होती. आपल्याकडे दाण्याचा कूट खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात असतोच. त्यामुळे दाणा कुणाला बाधू शकतो हे आपल्या डोक्यातच येत नाही. तिच्यासारखी माणसं आमटीतला कूट ओळखायला शिकलेली असतात. पण ब्राऊनीत दाणा असेल हे तिला कसं कळणार? वरून दिसत होतं नुसतं चॉकलेट. मी ज्याला सरप्राईज म्हणत होते, तो तिच्यासाठी सापळा होता.

शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाला थोडासा अंशही पुरतो. अंगावर गांधी उठतात, ओठ-घसा सुजतो, श्वास लागतो. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन आणि ताबडतोब हॉस्पिटल, एवढाच इलाज. घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. आणि ज्या मिक्सरमध्ये कूट केला त्याच भांड्यात 'बिनदाण्याचं' काही करून अशा माणसाला देणंही धोक्याचंच.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. प्रत्येक घासावर दाण्याची एक पाकळी, म्हणजे आत काय आहे ते वरच दिसतं. डब्याच्या झाकणावर चिठ्ठी : शेंगदाणा, मैदा, अंडं, दूध. आणि डबा फिरवण्याआधी मोठ्याने एकच प्रश्न, ''दाणे कुणाला चालत नाहीत?''

पुढच्या महिन्यात त्या ऑफिसात गेले, तेव्हा वेगळा, छोटा डबा नेला होता. नव्या भांड्यात, नव्या साच्यात केलेल्या साध्या चॉकलेट ब्राऊनी. चॉकलेटच्या पाकिटावरचं ॲलर्जीचं लेबलही दोनदा वाचलं होतं. तिने मला चार प्रश्न विचारले. कुठला मिक्सर, कुठलं चॉकलेट, चमचा कुठला, हात धुतले होतेस का. मी चारही उत्तरं दिली. मग तिने एक घास उचलला, तोंडात टाकला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

तेव्हा या वीकेण्डला ओटीजी तापवा. साचा लहान, चॉकलेट खरं, दाणे खमंग. आणि हो, झाकणावरची चिठ्ठी विसरू नका!