नादब्रह्माची पहिली पायरी : संयम

श्रावणसरींनी कृष्णाकाठ हिरवागार झाला, की सातारा-सांगलीच्या गावोगावी सायंकाळच्या वेळी ढोल-ताशांचा नाद कानी येऊ लागतो. विघ्नहर्त्याच्या आगमनास अद्याप काही आठवड्यांचा अवधी असतो. परंतु शाळेच्या पटांगणात किंवा देवळापुढील मोकळ्या जागेत झांजपथकांचा सराव रंगात आलेला असतो. याच दिवसांत कितीतरी घरांतील मुलामुलींच्या मनात एक हुरहूर दाटलेली असते : यंदा पथकात आपली निवड होईल काय?

ही हुरहूर स्वाभाविकच म्हटली पाहिजे. वाईचा महागणपती या भागात ढोल्या गणपती म्हणून वंदिला जातो. ते नाव त्याच्या भव्य देहावरून पडले, वाद्यावरून नव्हे. तरीही ढोल घुमू लागला की भाविकांना त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. खाली सांगलीस पटवर्धनांचे आराध्य दैवत कृष्णातीरीच विराजमान आहे. तासगावी ऋषिपंचमीस गणरायाचा रथ भक्तजन दोर धरून स्वहस्ते ओढतात. अशा सोहळ्यांच्या परंपरेत वाढलेल्या मुलास आपलाही हात देवाच्या सेवेस लागावा असे वाटले, तर नवल ते काय!

परंतु ढोल कमरेस बांधला म्हणजे वादक झाला, असे नाही. ताशा हा पथकाचा नायक. तो इशारा देतो, ढोल त्यास उत्तर देतात आणि झांजा त्या दोहोंना एका सूत्रात ओवतात. म्हणून निवडीच्या वेळी जाणते वादक नवशिक्याच्या दंडातील बळ फारसे पाहत नाहीत. त्याला जुन्या वादकांच्या रांगेत उभे करतात आणि पाहतात, की त्याची लय धावते काय? शेजाऱ्याच्या टिपराबरोबर त्याचे टिपरू पडते काय? आणि मुख्य म्हणजे, ताशाचा इशारा होताच त्याचा हात थांबतो काय? जोराने वाजविणारे पुष्कळ मिळतात. वेळेवर थांबणारा विरळा.

ही तयारी हाती ढोल नसतानाही करता येते. मांडीवर हात चालवून ठेका घोटावा. तो आधी संथ लयीत स्थिर व्हावा, मगच द्रुत लयीस हात घालावा. तोंडाने मात्रा मोजीत पावले टाकावीत, कारण मिरवणुकीत वाजवीत चालावयाचे असते. सरावास जाताना बोटांना पट्टी, कमरेस जाड कापड आणि कानास संरक्षक बोळे असावेत. कान हे वादकाचे खरे वाद्य. ते जपलेच पाहिजेत.

माण, आटपाडी, जत या दुष्काळी मुलखातील धनगर बांधवांची रीत येथे स्मरते. गजीनृत्याच्या रिंगणात ढोल-कैताळाच्या तालावर थोरांची पावले पडतात. त्यांच्या मागे पोरे उभी राहतात, पाहतात, ऐकतात आणि एके दिवशी नकळत त्या रिंगणाचाच भाग होतात. तेथे ऐकणे हीच दीक्षा होय.

पण ज्याचे नाव यादीत येत नाही, त्याचे काय? त्या रात्री ताटावरून उठून जाणाऱ्या पोरास 'त्यात काय एवढे' असे म्हणू नये; त्याच्या लेखी ते फार मोठे असते. आई-वडिलांनी त्यास जवळ घ्यावे आणि सांगावे, की ध्वज पेलणाऱ्यावाचून पथक निघत नाही, आणि तहानलेल्या वादकास पाणी देणाराही त्याच सेवेत असतो. पुढल्या श्रावणात पुन्हा रांगेत उभे राहता येते.

थांबण्याची ही विद्या पटांगणापुरती नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाद्ये वाजविता येत नाहीत; शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशी मात्र मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. हा नियम आजारी शेजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसासाठी आहे, हे ज्यास उमगले त्याला तो जाचक वाटणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीची घरेदारे पाण्यात नेली, आणि महिन्याभरातच, २ सप्टेंबरला, गणेशचतुर्थी आली. अशा वेळी ढोल बाजूस ठेवून शेजाऱ्याच्या घरातील गाळ उपसणे, हीसुद्धा गणरायाची पूजाच नव्हे काय?

वाचकहो, यंदा आपल्या घरातील मूल सरावास निघेल, तेव्हा त्यास 'चांगले वाजव' असे अवश्य सांगावे. परंतु त्याआधी 'नीट ऐक' असे सांगावे. ज्यास ऐकता येते त्यास थांबता येते. आणि ज्यास थांबता येते, त्याच्या हातचा नाद गणरायाच्या चरणी रुजू होतो, अशी आमची श्रद्धा आहे. मंगलमूर्ती सर्व बाल-तरुण वादकांस लय देवो आणि विवेकही देवो!