विश्लेषण : महिला फुटबॉलमधील आघाडीपटूची कारकीर्द कशी घडते? पिशोरसारख्या गावातून तिथवर वाट आहे का?

भारतीय महिला फुटबॉल संघाने ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे यजमान थायलंडला २-१ असे हरवले आणि २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या आशियाई चषकाचे तिकीट मिळवले. पात्रता फेरी खेळून या स्पर्धेत पोहोचण्याची भारताची ही पहिलीच वेळ. त्या फेरीतील चार सामन्यांत भारताने २४ गोल केले. मंगोलियाविरुद्धच १३ झाले, त्यातील पाच ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातील प्यारी खाखाचे. देशातील क्रिकेटची गर्दी पाहता ही बातमी दोन दिवसांत मागे पडली. पण गोल करणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्या मुली कुठून येतात, कमावतात काय आणि कन्नड तालुक्यातील पिशोरमधल्या एखाद्या मुलीला तिथवर जायचे असेल तर काय करावे लागेल?

मनीषा कल्याणची वाट कशी होती?

पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातील मुग्गोवाल या खेड्यातली ही मुलगी. वडिलांचे छोटे दुकान. मनीषा शाळेत १०० आणि २०० मीटर धावायची. तिचा वेग पाहून शाळेतील क्रीडा शिक्षकाने तिला फुटबॉलकडे वळवले. कडेने धावत जाऊन बचाव फोडणारी आघाडीपटू घडवायची तर वेग आधी लागतो, चेंडूवरचा ताबा नंतर शिकवता येतो. त्या शिक्षकाने नेमके हेच हेरले.

पुढचा प्रवास मात्र पंजाबात झाला नाही. तमिळनाडूचा सेतू एफसी, मग केरळचा गोकुलम असे क्लब तिने धरले. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी ब्राझीलमधील मनाउस येथे भारत ब्राझीलविरुद्ध ६-१ असा हरला. भारताचा तो एक गोल मनीषाचा होता. पहिल्याच मिनिटाला मागे पडलेल्या भारताला तिने आठव्या मिनिटाला बरोबरीत आणले होते. हरलेल्या सामन्यातील एक गोल कारकीर्द बदलू शकतो, तो असा.

२०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन लेडीज क्लबने तिला करारबद्ध केले. त्याच ऑगस्टमध्ये त्रयस्थांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन ‘फिफा’ने भारतीय महासंघाला निलंबित केले. आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला गोकुलमचा महिला संघ न खेळताच परतला. आणि १८ ऑगस्टला, निलंबन लागू असतानाच, मनीषा सायप्रसमध्ये बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली. युरोपीय महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय ठरली. वर्षभरापूर्वीच्या तिच्या सहकारी एका खोलीत बसून आणि ती युरोपच्या मैदानावर. दोघींमधला फरक गुणवत्तेचा कमी आणि क्लब कुठल्या देशात आहे याचा जास्त होता.

बाला देवीची गोष्ट वेगळी का?

मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातील बाला देवीने देशांतर्गत फुटबॉलमध्ये गोलांचा ढीग लावला, तो मणिपूर पोलिसांची नोकरी करत. ग्लासगोच्या रेंजर्स क्लबने तिच्याशी १८ महिन्यांचा करार केला, तेव्हा जानेवारी २०२० उजाडला होता आणि ती तिशीच्या उंबरठ्यावर होती. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. दोन महिन्यांत करोनाने हंगाम थांबवला. ६ डिसेंबर २०२० रोजी मदरवेलविरुद्ध तिने पहिला गोल केला, पुढे गुडघ्याच्या दुखापतीने गाठले. तरीही ती भारतीय संघात परतली आणि २०२४ च्या सॅफ स्पर्धेतही गोल करत राहिली.

तिच्या उदाहरणात नोकरीचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. क्लबचा करार संपला, गुडघा दुखावला तरी घरी पगार येत राहतो, तो पोलीस, रेल्वे यांसारख्या खात्यांमुळे. भारतात महिला फुटबॉल आजवर टिकला त्यात या नोकऱ्यांचा वाटा क्लबांइतकाच आहे.

पैसा किती मिळतो?

इंडियन वुमेन्स लीग २०१७ मध्ये सहा संघांनिशी सुरू झाली. सुरुवातीची वर्षे ती काही आठवड्यांत एकाच ठिकाणी उरकली जायची. म्हणजे खेळाडूला वर्षातून महिना-दीड महिना काम आणि उरलेले दहा महिने सराव स्वखर्चाने. २०२३-२४ पासून घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने खेळवले जाऊ लागले. त्याच हंगामापासून महासंघाने प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा, असे ठरवले. महिन्याला साधारण २६ हजार ७०० रुपये. अकराव्या आणि त्यापुढच्या खेळाडूला ही हमी नाही.

सांगलीच्या स्मृती मनधानाला २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीग लिलावात ३ कोटी ४० लाख रुपये मिळाले. जेमतेम तीन आठवड्यांच्या स्पर्धेसाठी ही रक्कम फुटबॉलच्या वार्षिक किमान कराराच्या शंभरपटीहून अधिक होती. तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण एकीकडे सर्वोच्च बोली आणि दुसरीकडे किमान रक्कम. पण आठवीतल्या मुलीला कोणत्या मैदानावर पाठवायचे हे ठरवताना पालकांसमोर हेच दोन आकडे असतात. परदेशातही सगळीकडे सुबत्ता आहे असे नाही. ‘फिफा’च्या २०२४ च्या अहवालानुसार जगभरातील व्यावसायिक महिला खेळाडूंचे सरासरी वार्षिक वेतन सुमारे १० हजार ९०० डॉलर, म्हणजे नऊ लाख रुपयांच्या आसपास होते.

महाराष्ट्र कुठे आहे?

यजमानपदात पुढे, संघांत मागे. २०२२ चा महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. भारताने २० जानेवारीला नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी केली. पुढच्या सामन्याआधी संघात करोनाचा इतका फैलाव झाला की तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. अंतिम सामना नवी मुंबईत रंगला, तो चीन आणि दक्षिण कोरिया यांच्यात. त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही नवी मुंबईतच झाला.

क्लबांचे चित्र मात्र उलटे. २०१९-२० च्या लीगमध्ये मुंबईचा केंकरे आणि कोल्हापूर सिटी हे संघ होते. २०२४-२५ मध्ये आठ संघ खेळले, ईस्ट बंगाल विजेता ठरला आणि त्या आठांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. ज्या राज्यात फुटबॉलसाठी कोल्हापूरसारखे वेडे शहर आहे, त्याने यावर विचार करायला हरकत नाही.

पिशोरमधून सुरुवात कशी होईल?

शालेय क्रीडा स्पर्धांपासून. जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत होणाऱ्या या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत जातात. मुलींच्या १७ वर्षांखालील गटाला सुब्रतो चषकाचे दारही उघडे आहे. राज्य स्तरापर्यंत पोहोचल्यास दहावी-बारावीला सवलतीचे गुण आणि पुढच्या यशावर सरकारी नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षण, हे लाभ घरच्यांना पटवताना उपयोगी पडतात.

वेगाची अडचण मराठवाड्यात नाही. पहाटे डांबरी रस्त्यांवर पोलीस भरतीच्या ८०० आणि १०० मीटर धावण्याची तयारी करणाऱ्या मुली दिसतात. खो-खोच्या पहिल्या महिला विश्वचषकात भारताचे नेतृत्व करणारी प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. हुलकावणी, अचानक दिशा बदलणे आणि दहा पावलांचा झपाटा ही खो-खोची शिदोरी आघाडीपटूच्या थेट कामाची आहे.

अडचण सामन्यांच्या संख्येची आहे. शालेय स्पर्धा बाद पद्धतीने खेळवल्या जातात. तालुक्याला पहिला सामना हरला की त्या मुलीचे फुटबॉलचे वर्ष तिथेच संपते. गोलसमोर पाऊल कधी थांबवायचे, फटका कधी मारायचा, हे आघाडीपटू सामन्यांतच शिकते आणि त्यासाठी हंगामात निदान पंधरा-वीस सामने हवेत. कन्नड, सिल्लोड, खुलताबाद आणि शहरातील शाळांच्या मुलींची दर रविवारी साखळी भरवायची म्हटले तर लागतात ती मैदाने, चार चेंडू, एक शिट्टी वाजवणारा आणि एसटीचे भाडे.