इम्प्लांट स्नायूच्या वर की खाली?

स्तनाच्या मागे, बरगड्यांवर पंख्यासारखा पसरलेला मोठा छातीचा स्नायू असतो. सिलिकॉनचे इम्प्लांट या स्नायूच्या वर ठेवता येते किंवा त्याच्या खाली. कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतरच्या पुनर्रचनेतही हाच निर्णय घ्यावा लागतो.

स्नायूच्या वर ठेवल्यास स्नायू उचलावा लागत नाही, त्यामुळे दुखणे कमी राहते. मात्र वरचे आवरण पातळ असेल, तर इम्प्लांटची कड दिसते किंवा हाताला लागते. शल्यचिकित्सक छातीच्या वरच्या भागातील कातडी व चरबी चिमटीत धरून जाडी मोजतात. ती दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास स्नायूखालची जागा सहसा सोयीची ठरते. तिथे कड झाकली जाते आणि इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळून कडक होण्याचा धोका कमी असतो. पण स्नायू आवळला की इम्प्लांट हलते.

हिंगोली, वसमतच्या हळदपट्ट्यात खुरपणाऱ्या, पोते ओढणाऱ्या बाईचा हा स्नायू दिवसभर कामात असतो. म्हणून तिचे रोजचे काम डॉक्टरांना आधीच सांगणे गरजेचे आहे. कर्करोगासाठी किरणोपचार झाले किंवा व्हायचे असतील, तर गुंतागुंत वाढते. अशा वेळी पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींपासून स्तन घडवण्याचा पर्यायही असतो.

जागा कोणतीही असो, इम्प्लांट आयुष्यभर टिकेलच असे नाही. नियमित तपासणी आवश्यक असते.