शेणाला गॅस येतो, मग पाचटाला का नाही?

गोबरगॅसच्या टाकीत शेणकाला ओतला की गॅस धरतो. उसाचे पाचट टाकले तर ते तरंगते आणि वर जाड थर साचून गॅसची वाट अडते. खरे तर शेणातला सहज पचणारा भाग गुराने आधीच वापरलेला असतो, पाचटातला मात्र शाबूत असतो. पण तो सेल्युलोजच्या धाग्यांत अडकलेला, आणि कुडाच्या काटक्यांवर माती लिंपावी तसे त्या धाग्यांवर लिग्निन चढलेले. हवेविना जगणाऱ्या जिवाणूंना हे लिंपण जवळजवळ फोडता येत नाही. म्हणून गॅस वाढवण्याचे खरे काम टाकीबाहेर होते: पाचटाची बारीक कुट्टी करून ती टाकीतून बाहेर आलेल्या स्लरीत भिजवत ठेवायची. त्यात शेण हवेच, कारण जिवाणूंना साधारण २० ते ३० भाग कार्बनमागे १ भाग नत्र लागते आणि पाचटात नत्र फारच कमी. मात्र एकदम भरणा नको. आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, मिथेन बनवणारे संथ. आम्ल साचले की गॅस थांबतो.

पाचट शेतातच कुजवावे, गॅसच्या नादाने जमीन उपाशी का ठेवावी, हा आक्षेप रास्त आहे. पण गॅसमधून जातो तो मुख्यतः कार्बन. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतच राहतात. न पचलेले लिग्निनही राहते आणि त्याचाच पुढे ह्यूमस होतो. स्लरी शेतात परत जाणार नसेल, तर मात्र पाचट सरीतच राहू द्यावे.