चुळीने काय धुतले जाते, काय उरते

मुखरोगांच्या चिकित्सेत गण्डूष व कवल यांना आपल्या शास्त्रात मानाचे स्थान आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील बाविसावा अध्याय गण्डूषादिविधी या नावानेच ओळखला जातो. अलीकडे मात्र रुग्ण प्रथम औषधी दुकानातून माउथवॉशची बाटली नेतो आणि नंतर वैद्याकडे येतो. म्हणून या द्रवांनी मुखातील उपद्रवी जिवाणूंवर नेमका काय परिणाम होतो, हे वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही जाणून घेणे आवश्यक झाले आहे.

या विषयातील पहिला बोध फार जुना आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक यांनी १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात दातांवरील कीटणात दिसलेल्या सूक्ष्म जीवांचे वर्णन केले. त्यांनी तीव्र व्हिनेगरने चूळ भरून पाहिली, तरी कीटणात असंख्य जीव जिवंत राहिले. तेच कीटण पाण्यात कालवून त्यात व्हिनेगर मिसळताच जीव तत्काळ मेले. व्हिनेगर केवळ बाहेरच्या जीवांपर्यंत पोहोचले, आतपर्यंत गेले नाही, हा त्यांचा निष्कर्ष आजही अबाधित आहे.

याचे कारण असे की, दातांवरील जिवाणू सुटे राहत नाहीत. स्वतः निर्माण केलेल्या चिकट आवरणात ते थर करून राहतात. मुखात एकंदर ७०० च्या आसपास जातींचे जिवाणू आढळले आहेत. त्यांपैकी स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स दंतक्षयाशी, तर पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हिरड्यांच्या खोल विकाराशी निगडित आहे. दुसरा जिवाणू हिरडीखालच्या पोकळीत राहतो, तेथे चूळ पोहोचतच नाही. दंतशर्करेचा कठीण थर तर कोणत्याही द्रवाने विरघळत नाही.

मग माउथवॉश निरुपयोगी आहे काय? तसे नव्हे. डेन्मार्कमधील संशोधक लोए व शिऑट यांनी १९७० साली दाखवून दिले की, ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या १० मिलीलीटर द्रवाने दिवसातून दोनदा चूळ भरल्यास, दात न घासताही नवा थर साचत नाही. मात्र हा प्रयोग आधी स्वच्छ केलेल्या दातांवर झाला होता. साचलेला थर काढणे आणि नवा थर रोखणे यांतील हा भेद रुग्णाला समजावून सांगितला पाहिजे. हे द्रव्य दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. फेसाळ टूथपेस्टमुळे त्याचे कार्य मंदावते, म्हणून दोहोंमध्ये किमान अर्धा तास अंतर ठेवावे. शस्त्रकर्मानंतर किंवा हिरड्या दुखत असताना काही दिवस वापरण्याचे हे औषध आहे. ते नित्यक्रमाचे नव्हे.

शिवाय सर्वच जिवाणू शत्रू नसतात. जिभेवरील काही जिवाणू भाजीपाल्यातील नायट्रेटचे नायट्राइट बनवतात व त्यापासून रक्तवाहिन्या शिथिल करणारे नायट्रिक ऑक्साइड तयार होते. २०१३ साली लंडनमधील १९ निरोगी व्यक्तींनी सात दिवस क्लोरहेक्सिडीन वापरले, तेव्हा त्यांचा रक्तदाब २ ते ३.५ मिलीमीटरने वाढलेला आढळला. वाढ अल्प आहे, परंतु रक्तदाबाच्या रुग्णांना महिनोन्महिने अशी बाटली देताना ती विसरता येणार नाही.

आता आपल्या द्रव्यांविषयी. त्रिफळा, खदिर यांसारख्या कषाय द्रव्यांतील टॅनिन प्रथिनांशी संयोग पावतात. ओव्यातील थायमॉल तर पाश्चात्त्य माउथवॉशमध्येही वापरले जाते. त्रिफळा क्वाथाच्या काही चाचण्यांत क्लोरहेक्सिडीनच्या तोडीचा परिणाम दिसला. परंतु या चाचण्या लहान व अल्पकालीन आहेत. तेवढ्यावरून मोठे दावे करणे शास्त्राच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. क्वाथ त्या त्या दिवशी ताजा करावा. तैलगण्डूषाचे तेल गिळू देऊ नये, आणि ज्यांना ठसका लागतो त्यांना हा विधी देऊ नये. तेल श्वासमार्गात गेल्याने फुफ्फुसाचा दाह झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विशेष विनंती आहे. एकच ग्राहक तिसरी बाटली मागू लागला, तर ती देण्यापूर्वी त्याला विचारावे, "मुखात काय होते आहे?" तंबाखू वा गुटखा खाणाऱ्याचे तोंड उघडेनासे झाले असेल, पांढरा वा लाल चट्टा दिसत असेल, किंवा व्रण तीन आठवड्यांत भरला नसेल, तर सुगंधी द्रव देणे म्हणजे रोगावर पडदा टाकणे होय. अशा रुग्णाला त्याच दिवशी दंतवैद्याकडे किंवा मुखरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. कर्करोग आरंभीच ओळखला गेला तर चिकित्सेला वाव राहतो.

दात नीट घासणे आणि दातांच्या फटी स्वच्छ करणे हे प्रथम कर्म, दंतशर्करा काढून घेणे हे द्वितीय, आणि चूळ त्यांना साहाय्यक. हा क्रम आपण स्वतः पाळला आणि रुग्णांना शिकवला, तर क्वाथही आणि बाटलीही आपापल्या जागी उपयोगी ठरेल, असे आम्हांस वाटते.