९२ ग्रॅमचं पाकीट

सहा महिने ते पाच वर्षं या काळात मूल केवढं वाढतं! उंची वाढते, वजन वाढतं, दात येतात. पण निरोगी मुलाच्या दंडाचा घेर या सगळ्या काळात अगदी थोडाच वाढतो. निसर्गाच्या या एका गमतीवर जगभरातल्या लाखो मुलांचं निदान उभं आहे. दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची; घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेला की पट्टीवरच्या खिडकीत लाल रंग दिसतो, म्हणजे अतितीव्र कुपोषण. वजनकाटा नको, जन्माचा दाखला नको. आपल्याकडच्या अंगणवाडी ताईंच्या हातात असते तीच ही पट्टी. सगळं मागे टाकून पळालेल्या बाईच्या मुलाची तपासणी या पट्टीने अर्ध्या मिनिटात होते, आणि आईला शिकवलं तर ती स्वतःसुद्धा करू शकते.

खरी अडचण पुढे असते. उपाशी शरीर सगळा कारभार आवरता घेतं. अशात एकदम पोटभर जेवण दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. भुकेल्याला जेवू घालणंच त्याच्या जिवावर बेतावं, हे किती भयंकर! म्हणून पूर्वी अशा मुलांना दवाखान्यात ठेवून मोजून-मापून खास दूध पाजत. त्या दुधाची पावडर पाण्यात कालवावी लागे. निर्वासितांच्या छावणीत शुद्ध पाणी कुठलं? शिवाय कालवलेल्या दुधात जंतू भराभर वाढतात. आणि आईला आजारी मुलापाशी कित्येक आठवडे राहावं लागे. घरी राहिलेल्या बाकीच्या पोरांना कोण बघणार?

आंद्रे ब्रियां हे फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आणि मिशेल लेस्कान हे उद्योजक यांनी १९९६च्या सुमारास यावर तोड काढली. दुधाची पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं त्यांनी दाण्याच्या पेस्टमध्ये मिसळली. पाण्याचा थेंबही नाही. मला या शोधातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. पावडरीचा प्रत्येक कण तेलात बुडालेला असतो. जंतूंना वाढायला पाणी लागतं, ते इथे मिळतच नाही. त्यामुळे मळक्या हाताचा स्पर्श झाला तरी त्यात जंतूंची पैदास होत नाही. ना चूल, ना भांडं, ना फ्रीज. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी, आणि ते दोन वर्षं टिकतं. चव साधारण आपल्या दाण्याच्या लाडवासारखी.

दवाखान्यात पहिलं पाकीट नर्ससमोर फोडतात. आई हात धुते, कोपरा फाडते, बोटावर थोडी पेस्ट घेऊन मुलाच्या ओठांना लावते. बाजूला प्यायचं पाणी ठेवलेलं असतं. मूल चाटायला लागलं, अजून मागायला लागलं, तर भूक शाबूत आहे. दुसरी काही गुंतागुंत नसेल तर पाकिटं देऊन त्याला घरी पाठवतात. मूल खातच नसेल तर मात्र दाखल करावं लागतं. एका खोक्यात १५० पाकिटं असतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांत एवढ्या पाकिटांवर एक मूल बरं होतं. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी या घरच्या उपचारावर एकत्र शिक्कामोर्तब केलं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र हे पाकीट चालत नाही. त्याच्यासाठी मदत पोचवायची ती आईच्या ताटात. बाई स्वतः अर्धपोटी असली तरी तिचं शरीर बाळासाठी बराच काळ दूध तयार करत राहतं. त्याची भरपाई मात्र तिच्याच अंगातून होते. म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांचाही दंड मोजतात, त्यांनाही पूरक आहार देतात. आईला जेवू घालणं हाच बाळावरचा उपचार आहे, आणि धान्यवाटपाच्या यादीत तिचं नाव वरच असायला हवं.

आता सुदानकडे पाहा. भुईमुगाच्या उत्पादनात हा देश जगात अग्रेसर. कोर्दोफान आणि दारफूरमध्ये पावसाच्या पाण्यावर भुईमूग पिकतो. हीच पेस्ट तयार करणारा एक कारखाना खार्टूममध्ये होता आणि देशाची बरीचशी गरज तो भागवत असे. एप्रिल २०२३मध्ये सुदानी सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं, आणि पुढच्याच महिन्यात तो कारखाना जळून खाक झाला. १४,५०० मुलांच्या उपचाराची खोकी त्या आगीत गेली.

ऑगस्ट २०२४मध्ये दारफूरमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केलं. जवळच्या अल-फाशेर शहराला त्याआधीच वेढा पडला होता. ट्रक अडले, बाजार ओस पडले. लोक अंबाझ खाऊ लागले. अंबाझ म्हणजे तेल काढून उरलेली भुईमुगाची पेंड, गुराढोरांचं खाद्य. कुपोषित मुलाला वाचवणारा दाणा ज्या मातीत पिकतो, तिथल्याच आयांना मुलांपुढे पेंड ठेवावी लागली. नागरिकांना उपाशी मारणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरण्याचा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१८च्या ठराव २४१७मध्ये निषेध केला आहे. उपचार काय, तो किती दिवस, कसा द्यायचा, हे सगळं ठाऊक आहे. अडतं ते रस्त्यावरच्या नाक्याशी, बंदूक घेतलेल्या माणसापाशी.

तरीही सुदानमध्ये गल्लोगल्ली स्वयंसेवकांनी सामुदायिक स्वयंपाकघरं उभी केली. त्यांना तिथे तकाया म्हणतात. परदेशी गेलेल्या नातेवाइकांनी मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांतून मसूर, ज्वारी विकत घेतात, मोठ्या पातेल्यांत शिजवतात. यात बायका मोठ्या संख्येने आहेत. मदतीचे ट्रक पोचू शकत नाहीत तिथेही कुठल्या घरात तान्हं मूल आहे आणि कुठली बाळंतीण दोन दिवस जेवलेली नाही, हे त्यांना माहीत असतं.